न निवडलेली घरं

न्यूझीलंडमधल्या आमच्या हॅमिल्टनचं धुकं जूनमध्ये, इथल्या हिवाळ्यात, येतं आणि येताना कुणाला विचारत नाही. सकाळी पडदा सरकवावा तर समोरच्या घराचं छप्पर नाही, कुंपण नाही, आमचा स्वतःचा लेटरबॉक्ससुद्धा नाही. आमच्या रोटोटुना वस्तीतली घरं आधीच एका साच्यातली. धुक्यात तर आपलं कुठलं आणि शेजाऱ्याचं कुठलं हे कळायला गॅरेजचं दार उघडून बघावं लागतं. नदीवरून उठतं म्हणे. उठेना का कुठूनही! माझ्या खिडक्यांच्या काचा आतून ओल्या होतात, पडद्यांच्या कडांना बुरशीचा वास यायला लागतो, डीह्युमिडिफायर दिवसभर घुरघुरत राहतो, आणि त्यातलं पाणी मोरीत ओतताना मी या गावाला रोज न चुकता नावं ठेवते.

आणि याच दिवसांत ती ईमेल येते.

'श्रीरंग, तुमचं बेट तुमची वाट बघतंय.' मजकूर इंग्रजी असतो, पण मला तो मराठीतच ऐकू येतो. खाली घरांचे फोटो. निळा समुद्र, पांढरे पडदे, व्हरांड्यात दोन खुर्च्या. 'तुम्ही पाहिलेली ही घरं अजूनही मिळू शकतात.' श्रीरंग म्हणजे माझा नवरा. येत्या ऑक्टोबरात त्याला जाऊन सहा वर्षं होतील. सुट्टीची घरं भाड्यानं देणाऱ्या त्या वेबसाइटला हे कुणी कळवलेलं नाही, त्यामुळे दर हिवाळ्यात ती त्याला नावानं हाक मारते. आता घरात त्याला नावानं हाक मारणारी तेवढी एकच राहिली आहे.

माझी लेक सई आता सोळा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतून. खांद्यावरून डोकावून ती म्हणते, "आई, जस्ट अनसबस्क्राइब. इट्स क्रीपी." मी म्हणते, "करते गं." करत नाही. ते बटण अगदी तळाशी, बारीक अक्षरांत आहे. माझा चष्मा चांगला आहे, मला ते स्पष्ट दिसतं.

ती घरं पाहिली तो हिवाळा २०१३चा. श्रीरंगच्या स्वादुपिंडात कॅन्सर निघाला होता. एक उपचार संपला होता, दुसरा सुरू व्हायचा होता. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. समोर खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "मध्ये काही आठवडे मोकळे मिळतायत. कुठं जायचं मनात असेल तर आत्ता जाऊन या." मी फार्मसिस्ट. आयुष्य औषधांच्या काउंटरमागे गेलेलं. अशा वाक्यातल्या 'आत्ता'चा अर्थ मला कुणी समजावून सांगायला नको होता. श्रीरंगलाही नको होता. गाडीत बसल्यावर त्यानं पट्टा लावला आणि म्हणाला, "मेधा, मला समुद्रात उताणं पडायचंय."

"काय?"

"उताणं. पाठीवर. कोमट पाण्यात. वर आकाश बघत."

आता हे त्यानं मागावं याला तसा अर्थ होता. न्यूझीलंडमध्ये येऊन आम्हाला अकरा वर्षं झाली होती. कुठंही तासभर गाडी चालवावी की समुद्र लागावा असा हा देश. पण पाणी असं गार की हाडं वाजावीत. उन्हाळ्यात रॅगलनला जायचो, तेव्हा इथली पोरं फळीवर आडवी पडून लाटांत शिरायची. आमचे हे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून घोट्याएवढ्या पाण्यात जायचे, "आई गं!" म्हणून किंचाळायचे आणि परत येऊन थर्मासमधला चहा प्यायचे. पोहता तर येतच नव्हतं. पुण्यात वाढलेला माणूस, समुद्र म्हणजे सहलीला जाऊन बघायची गोष्ट. सगळ्या समुद्रांच्या मध्ये येऊन राहिला आणि अंग कोरडंच राहिलं, याचं त्याला आता एकदम वाईट वाटायला लागलं होतं.

लोक म्हणाले, अरे मग फिजी आहे ना, तीन तासांवर! श्रीरंगनं तोंड वाकडं केलं. "फिजीत अर्धं महाराष्ट्र मंडळ भेटेल. ब्रेकफास्टच्या रांगेत डिश हातात घेऊन विचारतील, आता कसं वाटतंय? तो प्रश्न जिथे कुणी विचारणार नाही तिथे जायचं." मग नकाशावर बोट सरकवत सरकवत तो पार पलीकडे गेला, कॅरिबियन समुद्रात, आणि बार्बाडोसवर थांबला. मी म्हटलं, इतकं लांब? तो म्हणाला, लांब आहे म्हणूनच.

तर ते दिवस घर निवडण्याचे. बाहेर असंच धुकं. श्रीरंग सोफ्यावर, पायावर लोकरीची शाल, मांडीवर लॅपटॉप. हीट पंपाची ऊब त्याच्या बाजूला वळवून ठेवलेली. मी ओट्याशी पोळ्या लाटत असायचे आणि तो मला घरं वाचून दाखवायचा. "हे बघ, हिरव्या खिडक्यांचं. अंगणात झोपाळा आहे." मी पीठ लागलेल्या हातांनी येऊन वाकून बघायचे. स्वयंपाकघर आधी. गॅस आहे की नुसता मायक्रोवेव्ह? कुकर ठेवण्याएवढी जागा आहे? त्याच्या पोटात त्या दिवसांत मऊ भात आणि मेतकूट एवढंच टिकत होतं, आणि मेतकूट काही बेटावर मिळणार नव्हतं, ते मी बॅगेत भरणार होते. सई तेव्हा दहाची, जमिनीवर पालथी पडून विचारायची, "पूल आहे का? इज देअर अ पूल?" बाप म्हणायचा, "अगं बाई, दारात समुद्र आहे, पूल कशाला हवाय?" तरी बिचारीनं टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, आणि नव्या जँडल्स, म्हणजे रबरी चपला, बॅगेत आधीच भरून ठेवल्या होत्या.

आम्ही घरांना नावं ठेवली होती, खरी नावं कुठं लक्षात राहणार! हिरव्या खिडक्यांचं. जिन्याचं. बेकरीवरचं. एक होतं लाजरं घर, कारण त्याच्या मालकानं बाहेरचा एकही फोटो टाकला नव्हता. प्रत्येक घर निवडताना श्रीरंग बघायचा की पाणी किती लांब आहे, आणि मी बघायचे की हॉस्पिटल किती लांब आहे. त्याला सांगायचे नाही. पोळ्या झाल्या की फोनवर नकाशा उघडायचे आणि घरापासून राजधानीतल्या हॉस्पिटलपर्यंतचा निळा रस्ता बघत बसायचे. जवळचं असलं की म्हणायचे, "हे छान आहे." लांबचं असलं की म्हणायचे, "स्वयंपाकघर अंधारं वाटतंय."

हे तो ओळखणार नाही असं मला वाटलंच कसं कोण जाणे. एका रविवारी त्यानं पूर्व किनाऱ्यावरचं एक घर काढलं. टेकाडावर एकटं, लाकडी व्हरांडा, खाली खडक आणि समुद्रच समुद्र. मी नेहमीसारखी म्हणाले, स्वयंपाकघर—

"स्वयंपाकघराला दोन खिडक्या आहेत. उजेड मावत नाहीये त्यात. मेधा, हॉस्पिटल किती लांब आहे ते सांग सरळ."

मग मीही सुटले. "लांब आहे! सगळं बेट ओलांडून जावं लागतं. तुला काही झालं तर मी काय करू तिथे? कुणाला हाक मारू? अँब्युलन्सला पत्ता काय सांगू, टेकाडावरचं घर म्हणून?"

तो शांतपणे म्हणाला, "काही तरी होणारच आहे गं. ते तिथे झालं तर निदान ऊन असेल."

मी लाटणं ओट्यावर आपटलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. बाहेर सई हळू आवाजात त्याला विचारत होती, "इज मम ओके?" आणि तो तिला मराठीत सांगत होता की आईला त्या घराचा रंग आवडला नाही.

तिढा सोडवला पुण्याहून सासूबाईंनी. व्हिडिओ कॉलवर नेहमीप्रमाणे त्यांचं अर्धं कपाळ आणि वरचा पंखा दिसत होता. घरावरून आमचं वाजलंय हे सईनं त्यांना आधीच सांगून टाकलेलं. त्या म्हणाल्या, "हे बघा, घराचं तोंड कुठं आहे? पूर्वेला असेल तर तेच घ्या. सकाळचं कोवळं ऊन अंगावर घेतलं पाहिजे त्यानं. आणि समुद्रातून सूर्य वर येताना बघायला मिळतो का कधी आपल्याला? आपल्याकडे नुसता बुडताना दिसतो." आणि मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "मेधा, त्याला उगवता बघू दे."

तसा श्रीरंग वास्तुबिस्तु मानणाऱ्यातला नव्हता. पण पूर्वेचं घर म्हटलं की आपल्या माणसाच्या मनात काहीतरी विरघळतंच. हे रोटोटुनाचं घर घेतानाही, इथे ऊन उत्तरेकडून येतं हे एजंट घसा फोडून सांगत होता, तरी आम्ही दोघं होकायंत्र काढून दारात उभे राहिलो होतो. बेटावरचं ते घर आम्ही पक्कं केलं. घराचं तोंड कुठं आहे ते नीट पाहिलं. समुद्राचा स्वभाव कसा आहे हे बघायचं मात्र कुणाला सुचलं नाही. नकाशात बेटाच्या दोन्ही बाजूंना एकसारखा निळा रंग होता.

मला छळतात ती बाकीची घरं.

जिथे राहिलो ते घर संपलं. राहिलो, झालं, किल्ली परत दिली. पण जी घेतली नाहीत ती संपतच नाहीत. धुक्याचे दिवस आले की मी फार्मसीत गोळ्या मोजता मोजता मध्येच जिन्याच्या घरात असते. त्या जिन्याला चौथ्या पायरीशी वळण होतं, फोटोत दिसायचं. वळणाच्या वर काय आहे ते फोटोत नव्हतं. तिथून खोकला ऐकू येतो. बेकरीवरच्या घरात तो सकाळी खाली जाऊन पाव घेऊन येतो, हाताला भाजतो म्हणून या हातातून त्या हातात टाकत. हिरव्या खिडक्यांच्या घरातून हॉस्पिटल पाच मिनिटांवर होतं. त्या घरातला श्रीरंग जाडा झाला आहे. केस परत आले आहेत, थोडे पांढरे. तो झोपाळ्यावर बसून मला म्हणतो, बघ, उगाच घाबरत होतीस. ऐकून मला बरं वाटत नाही, भीती वाटते. मला ठाऊक आहे की कुठल्याही घरानं तो आजार बरा होणार नव्हता. मी औषधांतली बाई आहे, माझ्याइतकं ते कुणाला कळणार? पण कळून काय उपयोग! लाजऱ्या घरात तर मी जातच नाही. त्याला बाहेरून रूपच नाही, एकदा आत गेले तर परत यायचं दार कुठलं ते समजायचं नाही.

मागच्या आठवड्यात दुकानात एक म्हातारे गृहस्थ औषध न्यायला आले. पाठमोरे उभे होते, मान किंचित डावीकडे कललेली. मी आतून हाक मारली, "श्रीरंग." मोठ्यांदा. माझ्या हाताखालची मुलगी बघायला लागली. ते गृहस्थ वळले, छान हसले आणि इथला माओरी नमस्कार म्हणाले, "किआ ओरा." मी त्यांच्या गोळ्या दिल्या, जेवणानंतर घ्या म्हणून सांगितलं आणि मागच्या खोलीत जाऊन खोक्यांवर बसून राहिले.

तर आम्ही गेलो. विमानांवर विमानं बदलत, कुकर सांभाळत. पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. टॅक्सीतून उतरलो आणि पहिला आवाज कानावर आला तो समुद्राचा. नुसता आवाज म्हणजे काय, गडगडाट. खालच्या खडकांवर अख्खा अटलांटिक येऊन आपटत होता. वारा असा की सईची टोपी उडाली ती गेलीच. मालकीणबाई, मिस ऑर्लीन, निवृत्त शाळामास्तरीण, पांढऱ्या केसांच्या आणि खणखणीत आवाजाच्या, दारात उभ्या होत्या. श्रीरंगनं त्यांना नमस्कारानंतर पहिलं काय विचारलं असेल? "पाण्यात कुठून उतरायचं?"

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. खांद्याची हाडं, ढगळ झालेला शर्ट. "या बाजूला कुणीच उतरत नाही, डार्लिंग," त्या म्हणाल्या. "इथलं पाणी ओढून नेतं."

त्याचा चेहरा बघवेना. पृथ्वीच्या या टोकाहून त्या टोकाला आलो होतो, आणि दारातल्या पाण्याला हात लावायची सोय नव्हती. मला सासूबाईंचा राग आला, त्यांच्या पूर्वेचा राग आला, आमच्या होकायंत्राचा आला. सगळ्यात जास्त त्या समुद्राचा. सई म्हणाली, "सो... नो पूल, अँड नो बीच?" आणि श्रीरंग एकदम हसायला लागला. हसता हसता पोट धरून व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसला. "आपल्यासारखे आपणच गं! तोंड बघून घर घेतलं, अगदी मुलगी पाहिल्यासारखं."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी जागी झाले तर तो व्हरांड्यात शाल पांघरून बसलेला. समुद्र उकळत होता नुसता. आणि त्या खवळलेल्या पाण्यातून सूर्य वर आला, मोठा, ओला. आईला दाखवायला म्हणून त्यानं फोन वर धरला. मी खालून त्याचं मनगट धरलं. फोटो तरी हललाच. सासूबाईंनी तो फ्रेम करून घेतलाय. त्यात सूर्य दिसत नाही, नुसता एक केशरी पट्टा आहे. तरी त्या आल्यागेल्याला दाखवतात.

मग मिस ऑर्लीननी टॅक्सी बोलावून दिली आणि आम्ही बेट ओलांडून पलीकडे गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. "अगं, ही तर सांगली!" श्रीरंग खिडकीतून मान बाहेर काढून बघत होता. टेकाड उतरलो आणि समोर पश्चिमेचा समुद्र आला. ताटात वाढलेल्या पाण्यासारखा. लाट म्हणून नाही. गळ्यापर्यंत पाण्यात बसून चार-पाच आज्या टोप्या घालून गप्पा मारत होत्या, ओट्यावर बसावं तशा. आम्हाला बघून सगळ्याजणी म्हणाल्या, "गुड मॉर्निंग!" कसं वाटतंय म्हणून कुणी विचारलं नाही.

श्रीरंगनं शर्ट काढला. त्याला अंघोळ मीच घालत होते, तरी उघड्यावर, इतक्या उन्हात, ते शरीर मी पहिल्यांदा पाहिलं. नव्या टॉग्जची नाडी आवळून आवळून गाठ मारली होती. सई किनाऱ्यावर थांबली, तिला कळत होतं की हे आमच्या दोघांचं आहे. आम्ही हात धरून आत गेलो. पाणी कोमट होतं. खरंच कोमट होतं हो, अंघोळीला विसणलेलं असावं तसं. छातीएवढं झाल्यावर तो म्हणाला, "आता." मी एक हात त्याच्या मानेखाली घातला, एक पाठीखाली, आणि तो मागे रेलला. पाय वर आले. मला दोघांचं वजन पेलायची तयारी करून उभं राहायची सवय झालेली, आणि हातावर काही आलंच नाही. मणके तेवढे लागत होते, एकेक, सुटे.

त्यानं मानेखालचा हात आधी सोडवला. पाठीखालचा राहू दिला. कान पाण्यात बुडाले होते, त्यामुळे ऐकू न येणारी माणसं बोलतात तसा तो मोठ्यांदा बोलत होता. "मेधा! ढग नाहीये एकसुद्धा!" आज्या वळून बघायला लागल्या. मी म्हटलं, हो रे. त्याला ऐकू गेलं नाही. मी म्हटलं, जाऊ नकोस. तेही ऐकू गेलं नाही.

मग तो ओरडला, "हात काढ!"

मी मानेनंच नाही म्हटलं.

"काढ गं. बुडत नाही मी."

मी हात खाली घेतला. थोडाच, बोटभर. पाण्यातून त्याच्या पाठीची सावली माझ्या तळव्यावर पडत होती. मग आणखी खाली. तो पाण्यावर तसाच राहिला. डोळे उघडे, तोंड उघडं, लहान मुलासारखा हसत. मी पूर्ण हात काढून उभी होते आणि माझा नवरा समुद्रावर पडला होता, कुणाच्याही आधाराशिवाय.

परत आल्यावर, त्याच ऑक्टोबरात, हॅमिल्टनच्या हॉस्पिटलमध्ये, दुपारी, नर्सबरोबर त्याला कुशीवर वळवताना माझा हात त्याच्या पाठीखाली होता. तसाच असताना त्याचा श्वास थांबला. नर्सनं नाडी बघितली, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि पडदा ओढून बाहेर गेली. हात कधी काढायचा ते समुद्रात त्यानं सांगितलं होतं. इथेही तो सांगेल म्हणून मी वाट बघत बसले.